वुई विल लेट यू नो

पाच शब्द आहेत. ह्या पाच शब्दांपायी मी पस्तीस दिवस चाळीच्या जिन्यात पोस्टमनची वाट बघत बसलो होतो.

सन १९८४. गिरणी संप सुरू होऊन दोन वर्षं उलटलेली, बाप घरी बसलेला. आई चार घरची धुणीभांडी करायची. मी एसेस्सी, वर इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास. फोर्टातल्या एका खाजगी कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आला. शेजाऱ्याची प्यांट, भावाचे बूट, स्वतःचा फक्त शर्ट. तीन साहेब बसलेले. पहिल्यानं नाव विचारलं. दुसऱ्यानं आडनाव विचारलं. तिसऱ्यानं आडनाव ऐकून माझा कागद पालथा घातला आणि हसून म्हणाला, ‘व्हेरी गुड. वुई विल लेट यू नो.’

घरी आलो, सांगितलं. बापानं साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. म्हणाला, ‘‘साहेब व्हेरी गुड म्हनला न्हवं? मग कळवतो म्हनला तर कळवंलच. इंग्रजीत बोलनारा मानूस खोटं कशाला बोलंल?’’

बाप अंगठाछाप होता, पण हे बोलणं अडाणीपणाचं नव्हतं. मराठीतनं त्याला जन्मभर शिव्या मिळाल्या. गावात पाटलाच्या तोंडची मराठी, गिरणीत जॉबरच्या तोंडची मराठी. इंग्रजी ही त्याच्या लेखी बाबासाहेबांची भाषा. गोलमेज परिषदेत बाबासाहेब जिच्यात बोलले, घटना जिच्यात लिहिली, ती भाषा खोटी कशी असेल?

मी म्युन्सिपालटीच्या वाचनालयात जाऊन डिक्शनरी काढली. लेट : देणे, करू देणे. नो : माहीत असणे. दोन्ही एकत्र केलं की कळवणे. कितीही उलटसुलट केलं तरी त्यात ‘नाही’ कुठं सापडेना. वरच्या माळ्यावर एक म्हातारा गोवेकर टायपिस्ट राहायचा. पस्तिसाव्या दिवशी त्यानं मला जिन्यात धरलं. ‘‘कोणाची वाट बघतो रोज?’’ मी सांगितलं. तो हसला नाही, एवढं त्याचं भलं. म्हणाला, ‘‘अरे बाबा, इट मीन्स नो. त्याच दिवशी नो सांगितला तुला.’’

शब्दाचा अर्थ डिक्शनरीत मिळतो. तो शब्द कोण कुणाला म्हणतोय, हे तिच्यात छापलेलं नसतं.

हे जुनं मढं आत्ता उकरण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात पुतणीचा फोन आला. पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात एका कंपनीत लागून वर्ष झालं. इंग्रजी फाडफाड. मला वाटायचं, आमचं दुखणं हिच्यापाशी येऊन संपलं. ती म्हणाली, ‘‘काका, लंचला रोज तेच काढतात. व्हॉट वॉज युवर रँक? मी रँक सांगितला. तर म्हणे, तसं नाही, ओपन की कॅटेगरी?’’ मग थोडा वेळ गप्प. ‘‘दोन आठवडे झाले, मी डबा माझ्या जागेवरच खाते.’’

रँक, ओपन, कॅटेगरी. पहिलीतल्या पोराला कळतील असे शब्द. आणि ह्या तीन शब्दांनी आमच्या पोरीचा डबा वेगळा काढला. आमच्या वेळी शाळेत पाण्याचा तांब्या वेगळा होता. तेव्हा वेगळं करणाऱ्याला निदान ‘बाजूला हो’ असं मराठीत म्हणावं तरी लागायचं.

म्हणून दोस्तहो, हा लेख रोजच्या इंग्रजी शब्दांवर आहे. मी प्राध्यापक नाही. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि रिटायर झालो. राखीव जागेवर लागलो, हे लपवायचं कारण नाही, तो माझा हक्क होता. तिथल्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला हाक मारली आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, ‘वुड यू माइंड शिफ्टिंग दॅट टेबल?’ मी ताठ उभा राहिलो आणि जोरात म्हणालो, ‘यस सर!’ आख्खी कचेरी खो खो हसली. का हसली ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणे. ‘हरकत आहे का?’ असं त्यांनी विचारलं आणि मी छाती काढून ‘आहे’ म्हणालो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत साहेबाच्या तोंडावर मी एकदाच ‘नाही करत’ असं म्हणालो, आणि तेही चुकून.

इंग्रजी शिष्टाचार असा उलटा चालतो. ‘आय ॲम अफ्रेड, देअर इज नो व्हेकन्सी’ म्हणणारा साहेब कुणाला भीत नसतो. भीती समोरच्याला असते. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की समजावं, आता मान जाणार. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला की समजावं, ऐकलेलं नाही. हुकूम विनंतीच्या कपड्यात येतो आणि नकार कौतुकाच्या. ह्यातलं आमच्या घरी कुणी शिकवणार नव्हतं. आमच्या घरी नकार म्हणजे नकार आणि शिवी म्हणजे शिवी.

पण हे खुद्द इंग्रजांतही सगळ्यांना सारखं जमत नाही, ही गंमत मला फार उशिरा कळली. ॲलन रॉस नावाच्या भाषाशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकानं १९५४ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, इंग्लंडात माणूस वरच्या वर्गातला की खालच्या, हे आता पैशावरून नाही, शब्दावरून ओळखू येतं. वरच्यांच्या भाषेला त्यानं ‘यू’ म्हटलं, बाकीच्यांच्या भाषेला ‘नॉन-यू’. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड ह्या लेखिकेनं ते उचलून गाजवलं आणि लोक एकमेकांचे शब्द तपासायला लागले. तर ह्या यादीत ‘टॉयलेट’ म्हणणारा खालचा, ‘लॅव्हेटरी’ म्हणणारा वरचा. ऐकू आलं नाही तर ‘पार्डन?’ म्हणणारा खालचा. वरचा सरळ खेकसतो, ‘व्हॉट?’

आणि आमच्याकडे? ‘व्हॉट’ म्हटलं म्हणून शाळेत आमच्या पोरांच्या हातावर पट्टी बसते. से पार्डन! आपण ज्याला बड्या घरची रीत समजून घोकत होतो, ती तिकडच्या बड्यांच्या लेखी दुकानदाराची रीत. ‘इस्कूल’, ‘इष्टेशन’ म्हणाला म्हणून आमच्यावर दात काढणारा पांढरपेशा ‘पार्डन मी’ म्हणत लंडनला उतरला असेल, तेव्हा त्याच्या मागं कोण कसं हसलं असेल, ह्याचा विचार मी अधूनमधून करतो. बरं वाटतं.

पण नुसतं हसून भागत नाही. इंग्रजीत आपण आधीपासून आहोत, आणि कुठं आहोत ते बघा. ‘पंडित’ हा शब्द इंग्रजांनी इथून उचलला. आज त्यांच्याकडे ‘पंडिट’ म्हणजे टीव्हीवर बसून मत देणारा जाणकार. ‘पराया’ हा शब्दही त्यांनी इथूनच उचलला. तो आपल्या मराठी ‘परका’तला पराया नव्हे. तमिळनाडूतल्या परैयर जातीचं ते नाव. ‘परै’ म्हणजे त्यांचं वाद्य, आपल्या हलगीच्या कुळातलं. इंग्रजीत ‘पराया’ म्हणजे ज्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय तो. एखादा देश जगात बदनाम झाला की इंग्रजी पेपर त्याला बिनदिक्कत ‘पराया स्टेट’ म्हणतात. जातीचं नाव घेऊन शिवी देतोय, हे संपादकाच्या गावीही नसतं. बामण आणि अस्पृश्य दोघंही इंग्रजीच्या बोटीत चढले. तिकडं उतरताना एक शहाणा म्हणून उतरला, दुसरा बहिष्कृत म्हणून. उतरंड जशीच्या तशी पलीकडे पोचली.

आता ‘किस’ हा शब्द घेऊ. हसू नका.

माझा आजा साताऱ्याकडून मुंबईला आला आणि गिरणीत कताई खात्यात लागला. बापही तिथंच लागला. विणकामाचं खातं, गिरणीच्या भाषेत साचेखातं, तिथं पगार जास्त. पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओठांनी ओढून घ्यायचा. लँकेशायरच्या गिरण्यांत ह्याला म्हणायचे ‘किसिंग द शटल’. धोट्याचा मुका. एका धोट्याला दहा जणांची तोंडं लागतात, रोग पसरतात, म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायदा करून ही पद्धत बंद केली. मुंबईत रोगाचं कुणाला पडलं नव्हतं. भीती विटाळाची. महाराच्या थुंकीचा धागा मराठ्याच्या तोंडात कसा जायचा? दोघंही एकाच चाळीतल्या घामानं भिजलेले, एकाच मालकानं पिळलेले. पण धोट्याचा मुका वेगवेगळा.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. अस्पृश्य कामगाराला सगळी खाती खुली झाली पाहिजेत, हे तुमच्या मागण्यांत येतंय की नाही, असं त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना हे आधी सुचलं नव्हतं. आपल्यातले काही कॉम्रेड अजूनही जातीचा विषय निघाला की ‘कॉन्ट्रडिक्शन’ वगैरे बोलायला लागतात, त्यांनी हा धोटा एकदा तोंडाला लावून बघावा. ‘किस’ म्हणजे काय हे सिनेमावाल्यांना विचारलं तर एक सांगतील. माझ्या आज्याला विचारलं असतं तर त्यानं पगारातला फरक सांगितला असता.

आता आपल्याला मिळालेली नावं. इंग्रज सरकार म्हणायचं ‘डिप्रेस्ड क्लासेस’. डिप्रेस्ड म्हणजे दाबलेले. आज तो शब्द मानसोपचाराच्या डॉक्टरकडं गेलाय. ‘बॅकवर्ड’ म्हणजे मागं. मागं कुणी ढकललं, हे त्या शब्दात नाही. जणू आपणच चालता चालता मागं राहिलो, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. १९३५ च्या कायद्यात आलं ‘शेड्यूल्ड’. शेड्यूल म्हणजे यादी. रेल्वेच्या वेळापत्रकालाही शेड्यूलच म्हणतात. शेड्यूल्ड कास्ट म्हणजे यादीतली जात, बस्स. कायद्याला यादी लागते, सवलतीला यादी लागते, मला त्याचं वावडं नाही. त्याच यादीनं मला नोकरी दिली. पण यादीत रक्त नसतं.

‘दलित’ म्हणजे दळलेला, तुडवलेला. हा शब्द उच्चारला की लगेच प्रश्न उभा राहतो : कुणी तुडवलं? ह्या शब्दात पाय दिसतो. म्हणूनच तो त्यांना खुपतो. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा हवाला देत खाजगी टीव्हीवाल्यांना सूचना काढली, ‘दलित’ म्हणू नका, ‘शेड्यूल्ड कास्ट’ म्हणा. अत्याचार थांबवायची एवढी घाई मी कधी बघितली नाही. शब्द थांबवायची घाई बघितली.

तर आता पुतणीचे तीन शब्द.

‘ओपन’ म्हणजे उघडं. दार उघडं आहे, कुणीही यावं. कायद्यातही खुली जागा कुणाच्या जातीची नाही. आपल्या पोराला तेवढे मार्क पडले तर ती जागा त्याचीही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पुन्हा स्पष्ट करून सांगितलं. पण रोजच्या बोलण्यात बघा : ‘आम्ही ओपनचे.’ ‘मुलगी ओपनमधलीच हवी.’ उघड्या दाराचं आडनाव करून टाकलं साल्यांनी! जात सांगायची लाज वाटते, सोडवत तर नाही, मग इंग्रजीत सांगायची. तसंच ‘कॅटेगरी’. खरं म्हणजे ओपन हीसुद्धा एक कॅटेगरीच की. पण ‘कॅटेगरीवाला’ म्हटलं की सगळ्यांची मान आपल्याकडेच वळते. ‘प्युअर व्हेज’ हाही ह्याच पंगतीतला. व्हेजिटेरियन म्हटलं की काम भागतं, मग प्युअर कशाला? दुधात पाणी असतं तसं भाजीत काय असतं? सोवळं आहे ते, इंग्रजीत वाळत घातलेलं. भाड्यानं खोली बघायला जा, दलाल आधी जेवण विचारतो आणि मग आडनाव.

आणि ‘मेरिट’. ह्या शब्दापुढं आपली पोरं सगळ्यात जास्त वाकतात. मेरिटॉक्रसी हा शब्द ज्याच्या पुस्तकानं जगभर गेला, त्या मायकल यंगनं १९५८ साली ते पुस्तक लिहिलं होतं टिंगल म्हणून. परीक्षेचे मार्क हाच माणसाचा तोल ठरला तर वर बसलेले किती माजतील आणि खालचे किती खचतील, ह्याची ती भयकथा. लोकांनी टिंगलीचं तत्त्वज्ञान केलं. २००१ साली म्हाताऱ्या यंगला पेपरात लिहावं लागलं की बाबांनो, हा शब्द वापरणं सोडा. लंच टेबलवरच्या हुशारांनी तेवढं वाचलेलं नसणार.

हे सगळं मी फोनवर पुतणीला सांगत सुटलो होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘ते ठीक आहे काका. पण मी आडनावाचं फक्त पहिलं अक्षर लावू का? कंपनीत चालतं तसं.’’

माझी बोलती बंद. कारण भावानं आडनाव बदललं नाही, पण मी बदललं होतं. १९९० साली गॅझेटमध्ये छापून आणलं, गावाच्या नावापुढं ‘कर’ जोडलं. त्यानंतर एक बदली झाली. नव्या कचेरीत एकानं चहाच्या वेळी विचारलं, ‘‘गुड नेम?’’ मी सांगितलं. ‘‘बेसिकली कुठले तुम्ही? कोकणातले का?’’ मी नुसतं हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तीन वर्षं त्या हसण्यावर काढली. त्या तीन वर्षांत मी एकदाही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो नाही, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. ‘बेसिकली’ ह्या एका शब्दानं मला माझ्याच लोकांपासून तोडलं. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग मी काय करू?’’

काही जण म्हणतील, सोडा ती इंग्रजी. हे म्हणणाऱ्याची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते आधी बघावं. काही जण दुसऱ्या टोकाला. उत्तर प्रदेशात बांका नावाच्या गावी २०१० साली आपल्याच लोकांनी इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं होतं. त्यामागची भूक मला कळते. पण देवी झाली की तिच्यापुढं पुन्हा हात जोडायचे. आपल्याला इंग्रजीशी वाद घालता आला पाहिजे, तिचा शब्द हातात घेऊन उलटा करून बघता आला पाहिजे. बाबासाहेब हेच करायचे.

त्यांचाच एक शब्द मी पुतणीला सांगितला. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिचं ब्रीद इंग्रजीत होतं : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. हे तीन शब्द १८८० च्या दशकात लंडनच्या समाजवाद्यांच्या तोंडी होते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेतही बाबासाहेबांनी शेवटचा सल्ला ह्याच क्रमानं दिला. आता आपल्या वस्तीतली भिंत वाचा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द शेवटी गेला आणि त्याचा संघर्ष झाला. मी आयुष्यभर हीच घोषणा दिली, अजूनही घसा कोरडा करून देईन. पण ‘ॲजिटेट’ म्हणजे निव्वळ मोर्चा नव्हे. ॲजिटेट म्हणजे ढवळणं, घुसळणं. पुतणीच्या घरी वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन आहे, तशा मशीनच्या पुस्तकात आतल्या घुसळणाऱ्या दांड्याला ‘ॲजिटेटर’ लिहितात. साचलेलं हलवतो तो. शिकलेल्या माणसाचं डोकं आधी ढवळलं पाहिजे, त्याला झोप येता कामा नये. मग तो दुसऱ्याला गाठणार, मग संघटना. शिकला आणि न ढवळता तसाच राहिला की तो माझ्यासारखा तीन वर्षं नुसता हसतो.

‘‘भांडू नको,’’ मी तिला म्हणालो, ‘‘डबा घेऊन टेबलावर जाऊन बस. आणि त्यांचाच शब्द त्यांना विचार.’’

आठ दिवसांनी तिचा फोन आला. गेली होती. नेहमीचा विषय निघाला. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘तू ओपनचा म्हणतोस म्हणजे नक्की कोण?’’ पोरगा म्हणाला, ‘‘म्हणजे... जनरल.’’ ‘‘जनरल म्हणजे?’’ तो इकडंतिकडं बघायला लागला. जातीचं नाव काही तोंडातून निघेना. दुसऱ्या एका मुलीनं मध्येच मान खाली घालून सांगितलं की तीही कॅटेगरीतली आहे, वर्षभर बोलली नव्हती. मग तो पोरगा हात वर करून म्हणाला, ‘‘ओके, ओके. नो ऑफेन्स.’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘टेकन, म्हणाले.’’

मला कळलं नाही. चाळीस वर्षं शब्द उकरतोय, पण हे नाही कळलं. म्हटलं, टेकन म्हणजे घेतलं, काय घेतलं? ती हसायला लागली. ‘‘काका, तो म्हणतो, राग मानू नको. मी म्हणते, मानला.’’